वाचकांचे प्रश्न : फ्युएल सेलच्या नवोदित कंपन्यांत पैसे घालावेत का?

हायड्रोजन आणि हवेतील ऑक्सिजन यांच्या संयोगातून, काहीही न जाळता, थेट वीज मिळवणारे उपकरण म्हणजे फ्युएल सेल. या क्षेत्रातील गुंतवणुकीविषयी आलेल्या पत्रांपैकी चार पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : बॅलार्ड आणि प्लग पॉवर या कंपन्यांचे समभाग उच्चांकापासून नव्वद टक्क्यांहून अधिक खाली आले आहेत. तंत्रज्ञान खरे आहे, मागणी वाढणार आहे. मग स्वस्तात घेऊन दहा वर्षे ठेवून देण्यास काय हरकत आहे? — एक वाचक, ठाणे

तंत्रज्ञान खरे आहे याबद्दल शंका कधीच नव्हती. विल्यम ग्रोव्ह यांनी 1839 च्या सुमारास हे तत्त्व दाखवून दिले आणि 1960 च्या दशकात जेमिनी व अपोलो यानांना वीज पुरवून फ्युएल सेलने आपली उपयुक्तता सिद्धही केली. प्रश्न आहे तो तंत्रज्ञानाच्या यशाचा लाभ भागधारकापर्यंत पोहोचतो का, हा. आणि त्याचे उत्तर आपण नाव घेतलेल्या दोन कंपन्यांच्या इतिहासातच आहे.

प्लग पॉवरचे समभाग ऑक्टोबर 1999 मध्ये 15 डॉलरला विकले गेले आणि काही महिन्यांतच, 2000 च्या सुरुवातीला, ते सुमारे दीडशे डॉलरपर्यंत पोहोचले. त्यानंतर भाव कोसळला. 2011 मध्ये कंपनीने दहा जुन्या समभागांचा एक नवा समभाग केला आणि तरीही 2013 मध्ये तो एका डॉलरच्या खाली उतरला. जानेवारी 2021 मध्ये हाच समभाग 70 डॉलरच्या पुढे गेला, तेव्हा अनेकांना वाटले की थांबून राहिलेल्यांच्या संयमाचे चीज झाले. हिशेब मात्र वेगळे सांगतो. ज्याने 2000 मध्ये दीडशे डॉलरने खरेदी केली, त्याचा एकत्रित समभागामागचा खर्च दीड हजार डॉलर होतो. म्हणजे त्या तेजीच्या शिखरावरही त्याचे मुद्दल पंच्याण्णव टक्के बुडालेलेच होते. पुढे नोव्हेंबर 2023 मध्ये, पुरेशी रोकड उभी राहिली नाही तर व्यवसाय चालू राहण्याविषयी शंका आहे, असे कंपनीला स्वतःच्या अहवालात नमूद करावे लागले. दरम्यान नवे समभाग काढत काढत त्यांची संख्या एक अब्जाच्या पुढे गेली. आपल्याला भाव स्वस्त दिसतो, पण त्या भावात आपण विकत घेत असलेला कंपनीचा तुकडा दर वर्षी लहान होत गेला आहे, हे भावाच्या आलेखात दिसत नाही.

बॅलार्डची कथा अधिक बोलकी आहे, कारण तिथे पाठीराखे भक्कम होते. 1997 मध्ये डेमलर आणि पाठोपाठ फोर्ड या बलाढ्य कंपन्यांनी तिच्यात भांडवल घातले. मोटारींमध्ये फ्युएल सेल लवकरच येणार, असा तेव्हा उद्योगातील जाणकारांचाही विश्वास होता. 2008 मध्ये बॅलार्डने मोटारींसाठीचे काम याच दोन कंपन्यांकडे सोपवले आणि ती स्वतः बस, फोर्कलिफ्ट आणि पर्यायी वीजपुरवठा अशा बाजारांकडे वळली. त्यानंतर टोयोटाची मिराई ही फ्युएल सेलवर चालणारी मोटार 2014 च्या अखेरीस बाजारात आली खरी, पण फेब्रुवारी 2024 मध्ये शेलने कॅलिफोर्नियातील आपली मोटारींसाठीची हायड्रोजन केंद्रे बंद करण्याचे ठरवले.

यामागचे कारण साध्या गणितात आहे. पाण्याचे विघटन करून एक किलो हायड्रोजन मिळवण्यास सुमारे 50 ते 55 युनिट वीज लागते आणि तोच हायड्रोजन फ्युएल सेलमधून नेला तर साधारण 16 ते 18 युनिट परत मिळतात; साठवण आणि वाहतुकीचा खर्च यात धरलेला नाही. जिथे बॅटरी पुरेशी पडते, तिथे हा तोटा भरून निघत नाही. जिथे बॅटरी बदलण्यात वेळ जातो, शीतगृहात तिची क्षमता घटते, किंवा दिवसरात्र वीज अखंड हवी असते, तिथेच फ्युएल सेलला जागा आहे. म्हणून कोणत्याही कंपनीच्या समभागाकडे वळण्यापूर्वी तिचा माल नेमक्या कोणत्या जागी बॅटरीपेक्षा आणि डिझेलपेक्षा सरस ठरतो, हे एका वाक्यात सांगता येते का, ते पाहावे. 'भविष्य हायड्रोजनचे आहे' हे त्याचे उत्तर होत नाही.

प्रश्न : मी वाहनांचे सुटे भाग बनविणाऱ्या कारखान्यातून निवृत्त झालेला अभियंता आहे. पुतण्याच्या ओळखीतील काही तरुणांनी फ्युएल सेलचा स्टॅक (एकावर एक रचलेल्या सेलची चवड) बनवण्याची कंपनी काढली आहे. ते दहा लाख रुपये मागत आहेत. मुले हुशार आहेत आणि नमुना माझ्या डोळ्यांसमोर चालला. काय विचारावे? — एक वाचक, चिंचवड

आपण पुणे परिसरात आहात आणि या विषयाचे जाणकार आपल्या आसपास आहेत, ही जमेची बाजू आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत या विषयावर दीर्घकाळ संशोधन झाले आहे, आणि केपीआयटी व सीएसआयआर यांनी विकसित केलेली हायड्रोजन फ्युएल सेल बस ऑगस्ट 2022 मध्ये पुण्यातच सादर झाली. तेव्हा मुलांची हुशारी आणि त्यांचा विषय यांविषयी मला आदरच आहे. परंतु नमुना चालताना पाहणे हा निर्णयाचा आधार होऊ शकत नाही. अमेरिकेतील निकोला कंपनीने आपल्या मालमोटारीची चित्रफीत प्रसिद्ध केली होती. ती गाडी स्वतःच्या शक्तीवर धावत नसून उतारावरून घरंगळत होती, हे 2020 मध्ये उघड झाले. संस्थापकाला 2022 मध्ये ज्यूरीने फसवणुकीबद्दल दोषी ठरवले, 2025 मध्ये त्यांना अध्यक्षीय माफी मिळाली, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. आपल्या परिचयातील तरुण तसे आहेत असे मी मुळीच सुचवत नाही. एक तास चाललेला प्रामाणिक नमुनादेखील गुंतवणूकदाराला फारच थोडे सांगतो, एवढाच माझा मुद्दा आहे.

आपण अभियंता आहात, म्हणून विचारायचा पहिला प्रश्न तासांचा आहे. स्टॅकमधील एका सेलचा विद्युतदाब भाराखाली साधारण 0.6 ते 0.7 व्होल्ट असतो आणि वापराबरोबर तो हळूहळू घसरतो. सेलमधला हायड्रोजन आणि हवा वेगळे ठेवणारा पडदा झिजतो, उत्प्रेरक म्हणून वापरलेल्या प्लॅटिनमचे कण एकत्र येऊन त्यांचे सक्रिय पृष्ठफळ कमी होते, आणि हायड्रोजनमध्ये कार्बन मोनॉक्साइडचा अंश असेल तर उत्प्रेरक निकामी होतो. हा घसारा दर तासामागे किती मायक्रोव्होल्टचा किंवा दर हजार तासांमागे किती टक्क्यांचा आहे, तो एका सेलवर मोजला की पूर्ण स्टॅकवर, स्थिर भारावर की वारंवार चालू-बंद करून, आणि मापन त्यांनी स्वतः केले की त्रयस्थ प्रयोगशाळेने, हे लेखी मागावे. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने जड मालमोटारींसाठी 2030 चे लक्ष्य 25,000 तासांचे ठेवले आहे. अहोरात्र चालवला तरी एवढे तास पूर्ण व्हायला जवळजवळ तीन वर्षे लागतात. त्वरित चाचण्यांच्या पद्धती आहेत, परंतु मोठा ग्राहक शेवटी प्रत्यक्ष चाललेले तासच मागतो. सॉफ्टवेअरची कंपनी चूक सापडली की आठवड्यात सुधारते. इथे पडद्याच्या रचनेत बदल केला की घड्याळ पुन्हा शून्यावर येते, आणि त्या सर्व काळात पगार, प्लॅटिनम आणि हायड्रोजन यांचा खर्च चालूच राहतो. या व्यवसायात सर्वांत महाग कच्चा माल वेळ आहे, आणि आपले दहा लाख हे त्या वेळेचा अगदी छोटा हप्ता आहेत.

म्हणूनच पुढच्या भांडवलाचा हिशेब आजच करावा. समजा, आपल्या रकमेसह कंपनीचे मूल्य 20 कोटी ठरले, तर आपला हिस्सा अर्धा टक्का होईल. पुढे तीन फेऱ्यांत 8, 15 आणि 22 कोटी असे एकूण 45 कोटी रुपये आले आणि प्रत्येक फेरीत वीस टक्के नवे समभाग निघाले, तर आपला हिस्सा सुमारे पाव टक्क्यावर येतो. इथपर्यंत अनेकांना ठाऊक असते. परंतु नंतर येणारे फंड बहुधा प्राधान्य समभाग घेतात, आणि कंपनी विकली गेल्यास स्वतःचे मुद्दल आधी परत मिळण्याचा हक्क करारात लिहून घेतात. कंपनी 50 कोटींना विकली गेली, तर त्यांचे 45 कोटी आधी जातात आणि उरलेल्या 5 कोटींत संस्थापक व आपण असे सगळे साधे भागधारक येतात. साध्या भागधारकांमध्ये आपला हिस्सा अजूनही अर्धा टक्का असल्याने आपल्या वाट्याला अडीच लाख येतात. वृत्तपत्रांत '50 कोटींची विक्री' अशी बातमी छापून येईल आणि ती खरीही असेल. तेव्हा आपल्याला कोणत्या वर्गाचे समभाग मिळणार, हे भागधारक करारात पाहिल्याशिवाय धनादेश लिहू नये.

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. खाजगी वाटपाने भांडवल घेताना कंपनी कायद्याच्या कलम 42 नुसार, संस्थात्मक खरेदीदार आणि कर्मचारी योजना वगळता, एका आर्थिक वर्षात दोनशेपेक्षा अधिक व्यक्तींना देकार देता येत नाही. जाहिरात करता येत नाही, पैसे रोखीने घेता येत नाहीत, आणि रक्कम मिळाल्यापासून साठ दिवसांत समभागांचे वाटप व्हावे लागते. आपल्या नावाचे देकारपत्र न देता 'पैसे आधी पाठवा, कागद नंतर करू' असे कुणी म्हटले, तर विषय तिथेच संपवावा, मग समोर कितीही जवळचा माणूस असो. हायड्रोजनच्या साठवणुकीसाठी 'पेसो' या नागपुरात मुख्यालय असलेल्या केंद्रीय संस्थेच्या परवान्यांची गरज कुठे आणि केव्हा पडेल, याचे उत्तर संस्थापकांकडे तयार आहे का, हेही पाहावे. त्यावरून त्यांनी प्रयोगशाळेबाहेरचा विचार कितपत केला आहे, ते कळते.

आणि रक्कम? निवृत्तीच्या पुंजीतील दहा लाख पूर्ण बुडाले तरी आपल्या व आपल्या पत्नीच्या औषधपाण्यावर आणि राहणीवर परिणाम होणार नसेल, तरच या प्रश्नांकडे वळावे. होणार असेल, तर मुलांना आपला अनुभव द्यावा. पुरवठादार कसे निवडायचे, उत्पादनातील नाकारलेला माल कसा कमी करायचा, हे त्यांना आपल्याइतके कुणी शिकवू शकणार नाही. त्या कामाच्या बदल्यात सल्लागार म्हणून थोडे समभाग मागण्यातही काही गैर नाही.

प्रश्न : केंद्र सरकारने हरित हायड्रोजनसाठी जवळजवळ वीस हजार कोटी रुपये ठेवले आहेत. त्यामुळे फ्युएल सेल कंपन्यांना मागणीची हमी मिळत नाही का? — एक वाचक, नाशिक

नाही. 4 जानेवारी 2023 रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाच्या 19,744 कोटींपैकी 17,490 कोटी हायड्रोजनचे उत्पादन आणि त्यासाठी लागणाऱ्या इलेक्ट्रोलायझरची (पाण्याचे विघटन करणाऱ्या यंत्रांची) निर्मिती यांच्या प्रोत्साहनासाठी आहेत. प्रायोगिक प्रकल्पांसाठी 1,466 कोटी आणि संशोधनासाठी 400 कोटी आहेत, आणि फ्युएल सेलच्या वाट्याला जे काही येईल ते प्रामुख्याने या शेवटच्या दोन रकमांतून. हायड्रोजनचे मोठे ग्राहक खतांचे कारखाने आणि तेलशुद्धीकरण प्रकल्प आहेत. त्यांना वायू हवा आहे, फ्युएल सेल नव्हे.

मात्र एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. इलेक्ट्रोलायझर म्हणजे उलट दिशेने चालवलेला फ्युएल सेल, आणि दोहोंच्या मुळाशी बरेचसे तेच पडदे, तीच सिरॅमिक व तेच उत्प्रेरक असतात. ब्रिटनच्या सेरेस कंपनीने फ्युएल सेलसाठी विकसित केलेले घन ऑक्साइड तंत्र इलेक्ट्रोलायझरसाठी वापरण्याचा परवाना पुण्याच्या थरमॅक्सने 2024 मध्ये घेतला, तो याच नात्यामुळे. ज्या नवोदित कंपनीचे मूळ तंत्र दोन्ही दिशांनी चालते, तिला थांबून राहण्याची ताकद अधिक असते.

प्रश्न : ब्लूम एनर्जीचा समभाग मी वेळेवर घेतला नाही. आता भारतातील अशाच एखाद्या नव्या कंपनीत अनिवासी म्हणून सुरुवातीलाच शिरावे असे वाटते. — एक वाचिका, सॅन होजे, कॅलिफोर्निया

आपण ब्लूमचे उदाहरण घेतलेत ते योग्यच आहे, कारण या क्षेत्रात यश मिळू शकते याचा तो ठळक पुरावा आहे. पण त्या यशाचे वेळापत्रकही पाहावे. मंगळावर ऑक्सिजन तयार करण्याच्या नासाच्या प्रकल्पावर काम केलेल्या के. आर. श्रीधर यांनी सहकाऱ्यांसह 2001 मध्ये ही कंपनी स्थापन केली. समभाग बाजारात आले ते जुलै 2018 मध्ये, 15 डॉलरला, म्हणजे सतरा वर्षांनी. पुढच्याच वर्षी भाव 5 डॉलरखाली गेला. 2025 मध्ये तो 100 डॉलरच्या पुढे गेला, कारण डेटा सेंटरना ग्रिडची जोडणी मिळेपर्यंत थांबणे परवडत नव्हते, आणि ब्लूमची यंत्रे नैसर्गिक वायूवर, म्हणजे आज उपलब्ध असलेल्या इंधनावर चालतात. स्वस्त हरित हायड्रोजनची वाट पाहत बसलेल्या कंपन्यांना ही संधी घेता आली नाही. शिवाय या उदाहरणात सर्वसामान्य गुंतवणूकदाराला चांगला मोबदला मिळण्यासाठी सुरुवातीला शिरणे गरजेचे नव्हते. 2019 मध्ये खुल्या बाजारात, ताळेबंद समोर ठेवून, ती संधी उपलब्ध होती.

तरीही भारतातील कंपनीत पैसे घालायचे असतील, तर परतावा परदेशी नेण्याचा हक्क न ठेवता केलेली अनिवासी भारतीयाची गुंतवणूक आपल्याकडे देशी गुंतवणुकीसारखीच धरली जाते, त्यामुळे भारताच्या बाजूने प्रवेश सोपा आहे. अडचण अमेरिकेच्या बाजूने येऊ शकते. ज्या परदेशी कंपनीच्या मालमत्तेपैकी निम्मी किंवा अधिक मालमत्ता रोकड व ठेवींसारखी असते, किंवा उत्पन्नाचा पंचाहत्तर टक्के वा अधिक भाग व्याजासारखा असतो, ती तिथल्या करकायद्यात 'पीएफआयसी' ठरू शकते, आणि मग नफ्यावर जबर कर व व्याज लागते. विक्री सुरू न झालेली, नुकतेच भांडवल उभारून ते बँकेत ठेवलेली फ्युएल सेल कंपनी या व्याख्येत सहज सापडू शकते. पहिल्या वर्षापुरती सवलत आहे, पण या व्यवसायात विक्री एका वर्षात सुरू होत नाही. हा कराचा भार सौम्य करणारा पर्याय निवडण्यासाठी कंपनीने दर वर्षी आपल्याला ठरावीक माहितीपत्रक द्यावे लागते. ते देण्याची अट भागधारक करारात घालून घ्यावी, दोन्ही देशांचे करनियम जाणणाऱ्या सल्लागाराला मसुदा दाखवावा, आणि कंपनी ती अट मान्य करत नसेल तर पैसे पाठवू नयेत.