मुलगा सॅक्सोफोन वाजवायचं म्हणतोय, पोट भरेल का?

इंजिनिअरिंगला घातलेल्या मुलाने मध्येच वाद्य हातात घेतलं की घरात एकच प्रश्न उभा राहतो: यावर पोट भरेल का? पुण्याच्या सिंहगड रोडवरचं एक कुटुंब हाच प्रश्न घेऊन माझ्याकडे आलं. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) मुलगा टीईला, म्हणजे इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, दोन विषय बॅक, आणि आल्टो सॅक्सोफोनवर जॅझ वाजवायचं म्हणून कॉलेज सोडायच्या बेतात. वडील चाकणला कंपनीत. पहिल्याच भेटीत म्हणाले, "तबला-पेटी असती तर एक वेळ समजलो असतो. हे बँडबाजातलं वाद्य घेऊन कोण जगलंय हो?"

जगले आहेत की. हिंदी चित्रपटसंगीतात मनोहारी सिंग यांनी सॅक्सोफोनवर नाव कमावलं. कद्री गोपालनाथ यांनी त्यावर कर्नाटक संगीत वाजवलं आणि 2004 साली पद्मश्री मिळवली. पण मोठ्या नावांनी बापाची झोप परत येत नाही. म्हणून मुलाला एवढंच सांगितलं, गेल्या वर्षभरातले कार्यक्रम महिन्यावार लिहून आण. कुठे, किती वाजता, सोबत कोण, हातात किती आले.

वही बघून वडीलच गप्प झाले. वर्षाला पावणेतीन लाखांच्या आसपास मिळकत होती. मात्र डिसेंबरात अकरा कार्यक्रम, फेब्रुवारीत आठ. जुलै-ऑगस्ट कोरडे ठणठणीत. बहुतेक कामं लग्नातल्या संगीत-कॉकटेलची होती: लॅपटॉपवर साथीचा तयार ट्रॅक, त्यावर हिंदी गाण्यांच्या धुना, दोन तासांचे सहा ते आठ हजार. चातुर्मासात मुहूर्त नाहीत, त्यात पितृपंधरवडा, म्हणजे चार महिने हात रिकामा. इथे प्रश्न पैसे मिळण्याचा नसून ते वर्षभर पुरवण्याचा होता. सीझनमधल्या प्रत्येक मानधनातले तीस टक्के वेगळ्या खात्यात टाकायचे आणि पावसाळ्यासाठी दोन-तीन विद्यार्थी धरायचे, इतकं ठरलं. शिकवायचं तर ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश संस्थांच्या संगीताच्या ग्रेड परीक्षा दिलेल्या बऱ्या. पालक आणि शाळा आधी तेच विचारतात.

वहीत आणखी एक गोष्ट होती आणि ती मुलाला झोंबली. जॅझ, जॅझ म्हणणाऱ्या या मुलाने जिवंत ड्रम-बास-पियानोसोबत वर्षात फक्त तीनदा वाजवलं होतं. त्यातल्या एका जॅम सेशनला फजिती झाली होती आणि कॉलेज सोडायचा हट्ट तिथूनच निघाला होता. कोणीतरी "एफमध्ये ब्लूज" म्हणालं. आल्टो हे ई-फ्लॅटचं वाद्य, म्हणजे त्यावर सी वाजवला की ऐकू येतो ई-फ्लॅट. पियानोचा एफ, म्हणजे आपली पांढरी चार, आल्टोवर डी म्हणून वाजवावी लागते. हा घाईत एफवरच सुरू झाला. सावरेपर्यंत ब्लूजचं बारा बारचं (बार म्हणजे इथे चार मात्रांचा गट) आवर्तन कुठे आहे ते हरवलं, आणि ड्रमरसोबत आळीपाळीने चार-चार बार वाजवणं सुरू झाल्यावर सम सापडेना. ट्रॅकवर वाजवून वाजवून आवर्तन मनात धरून ठेवायची सवय जाते: ट्रॅकची रचना ठरलेली असते, कोणी अचानक वेगळं काही करत नाही.

घरी येऊन त्याने निष्कर्ष काढला की रोज आठ तास रियाज हवा, म्हणून कॉलेज सोडायचं. निदानच चुकलं होतं. अडचण तासांची नव्हती, माणसांसोबत न वाजवण्याची होती. शिवाय आठ तास फुंकणं शरीरालाही झेपत नाही. ओठांच्या कडेचे स्नायू थकले की वाजवणारा नकळत रीड (तोंडात धरायच्या भागावरची वेताची पातळ पट्टी) चावतो, सूर चढतो आणि खालचा ओठ आतून सोलतो. दोन तास ठरवून दिले. वीस मिनिटं ट्यूनरसमोर लांब स्वर. अर्धा तास स्केल आणि दोन-पाच-एकच्या (स्केलमधल्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या) कॉर्डमाला, बाराही पट्ट्यांत. चाळीस मिनिटं एकच सोलो कानाने उतरवणं, आधी गाऊन, मग निम्म्या लयीत. उरलेल्या अर्ध्या तासात एक स्टँडर्ड ट्यून (जॅझवाल्यांना सहसा पाठ असलेली धून), मेट्रोनोमचा ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर धरून. एवढं बीई करता करता होतं. कार्यक्रमही संध्याकाळीच असतात.

आवाजाचं काय? सोसायटीत तक्रार झाली होतीच. सॅक्सोफोनच्या पुढच्या भोंग्यात टॉवेल कोंबून काही साधत नाही, कारण बहुतेक स्वरांचा आवाज उघड्या छिद्रांतून बाहेर पडतो. टॉवेलने फक्त खालचे स्वर बिघडतात. अमेरिकन जॅझ सॅक्सोफोनवादक सनी रॉलिन्स शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून 1959 ते 1961 न्यूयॉर्कच्या विल्यम्सबर्ग पुलावर जाऊन वाजवत असत. मुलाला टेकडी सुचली होती, पण उघड्यावर आवाज परत येत नाही आणि माणूस जास्त जोर लावतो. शेवटी आईनेच सेक्रेटरींशी बोलून दुपारी क्लबहाऊस मिळवलं.

खर्चाचंही बोललो. दहा रीडचा डबा तीन हजारांच्या घरात, त्यातल्या तीन-चारच मनासारख्या निघतात. चार रीड आलटून पालटून वापरल्या तर टिकतात. पावसाळ्यात वाजवून झाल्यावर आतून कापड फिरवलं नाही तर छिद्रं झाकणारे पॅड फुगतात, जी-शार्पची की चिकटते आणि ऐन कार्यक्रमात स्वर लागत नाही. स्वस्तातल्या वाद्याच्या की मऊ धातूच्या, वाकतात आणि हवा गळते; दुरुस्तीवर जाणारा पैसा पाहता जुनं पण नावाजलेलं वाद्य घेतलेलं बरं.

वडिलांनी जॅझमधला नामवंत आल्टोवादक चार्ली पार्कर याच्याबद्दल वाचलं होतं: हेरॉइनचं व्यसन, 1955 साली चौतिसाव्या वर्षी मृत्यू. ही भीती मी हसण्यावारी नेली नाही. लग्नाच्या कार्यक्रमांत दारू फुकट असते आणि लोणावळ्याहून परतायला रात्रीचे दोन वाजतात. शेवटचा सेट होईपर्यंत पेल्याला हात नाही आणि परतीची गाडी आधी ठरलेली, हे मुलाने स्वतःहून कबूल केलं.

करार अठरा महिन्यांचा आहे. दोन्ही बॅक काढायचे, चाळीस ट्यून पाठ, महिन्यातून दोनदा तरी जिवंत बँडसोबत. खरी कसोटी मात्र वेगळी ठेवली: तीन वेगवेगळ्या बँडनी त्याला दुसऱ्यांदा बोलावलेलं असलं पाहिजे. पहिल्यांदा कोणीही बोलावतं. दुसऱ्यांदा वेळेवर येणाऱ्याला आणि स्वरलिपी वाचता येणाऱ्याला बोलावतात. जमलं नाही तर नोकरी धरून शनिवार-रविवार वाजवायचं किंवा पोलीस भरतीतल्या बॅण्ड्समनच्या जागा पाहायच्या, हेही लिहून घेतलं. बॉस्टनच्या बर्कली संगीत महाविद्यालयासाठी गावची जमीन विकायची का, हा वडिलांचा प्रश्न राहिला होता. तिथे ऑडिशनवर शिष्यवृत्ती मिळते. आधी ऑडिशन होऊ दे, शिष्यवृत्तीचा आकडा हातात येऊ दे, मग सातबारा काढा, असं सांगितलं आहे.