लग्नाची तारीख आणि परीक्षेची तारीख

धरमपेठ, नागपूर

चिरंजीव मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा गुरुवारी तू घरी आलीस, वनस्पतिशास्त्राचे रेकॉर्ड मला दाखवण्यासाठी पिशवीतून काढलेस आणि त्याच्या पानांतून मोरपंखी कापडाचा बोटभर तुकडा खाली पडला. ब्लाउजला मॅचिंग अस्तर बर्डीवरून आणायचे होते म्हणून तो तू जपून ठेवला होतास, आणि ठेवला होतास तो पुनर्नवेच्या खोडाच्या छेदाची आकृती असलेल्या पानात. त्या अर्ध्या तासात तुला शिंप्याचा, मावशीचा आणि होणाऱ्या नवऱ्याचा असे तीन फोन आले. प्रत्येक वेळी तू उठून गॅलरीत गेलीस आणि परत आल्यावर आपण कुठे होतो हे तुला मला विचारावे लागले. तू गेल्यावर मी बराच वेळ बसून होते. समोर बसून बोलताना जे तुटक तुटकच झाले असते ते सविस्तर लिहून पाठवावे, असे तेव्हा ठरवले.

त्याच भेटीत तू मोबाइलवर लग्नपत्रिकेचा नमुना दाखवलास. तुझ्या नावाआधी ‘चि. सौ. कां.’ आणि नावानंतर कंसात ‘बी.एस्सी.’ असे छापलेले होते. पत्रिकेत पदवी छापण्याची आपल्याकडे रीत आहे आणि तुझ्या वडिलांना त्यात वाटणारा अभिमान मला पुरता समजतो. घरातल्या मुलीने विज्ञानाची पदवी घ्यावी म्हणून त्यांनी काय काय केले, ते तुझी शिक्षिका म्हणून मी तीन वर्षे पाहिले आहे. पण ती पदवी अजून तुझ्या हाती आलेली नाही. सहाव्या सत्राचे लेखी पेपर आणि प्रात्यक्षिके व्हायची आहेत, आणि पत्रिका चारशे घरांत पोहोचतील तेव्हाही ती व्हायचीच असतील. तुझ्या लग्नाची तारीख चारशे घरांना ठाऊक असेल, मात्र तुझ्या परीक्षेची तारीख किती घरांना ठाऊक असेल याचा तू विचार केला आहेस का?

हे मी का विचारते ते सांगते. माझे लग्न 1986 च्या मे महिन्यात झाले. लेखी परीक्षा आटोपली होती, प्रात्यक्षिकांची तारीख मात्र लागायची होती. लग्नानंतर मी वर्ध्याला सासरी गेले. जूनमध्ये महाविद्यालयाच्या फलकावर तारीख लागली आणि माझ्या मैत्रिणीने त्याच दिवशी मला कार्ड टाकले. घरात फोन नव्हता. कार्ड माझ्या हातात पडले तेव्हा प्रात्यक्षिक होऊन एक दिवस उलटून गेला होता. त्या दिवशी आमच्याकडे सत्यनारायणाची पूजा होती आणि परीक्षेच्या वेळी मी पाहुण्यांना प्रसाद वाढत होते. नागपूर रेल्वेने दीड-दोन तासांच्या अंतरावर होते. हिवाळी परीक्षेत मी ते प्रात्यक्षिक दिले, पण तोवर एम.एस्सी.चे प्रवेश संपले होते आणि माझे एक वर्ष गेले. याचा दोष मी कोणालाही देत नाही. सासरची माणसे प्रेमळ होती, माझे सासरे तर मला स्वतः परीक्षेला घेऊन गेले असते. पण माझे एक प्रात्यक्षिक राहिले आहे हे त्या घरात कोणालाच माहीत नव्हते, कारण नवी सून म्हणून मी तो विषय काढलाच नव्हता. विचारले तर बरे दिसेल की नाही, या संकोचात मी तीन आठवडे गप्प राहिले आणि त्या गप्प राहण्याची किंमत एक वर्ष होती.

म्हणून माझे पहिले आणि सगळ्यांत कळकळीचे सांगणे असे की परीक्षेच्या तारखा दोन्ही घरांना मोठ्याने सांग. तुमच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर तुझ्या आईने लग्नाच्या तारखेभोवती कुंकवाचे बोट ओढले आहे ते मी पाहिले. त्याच कॅलेंडरवर प्रत्येक पेपर आणि प्रत्येक प्रात्यक्षिक ठळक पेनने लिही. होणाऱ्या सासूबाईंना फोन कर आणि ‘आई, माझा शेवटचा पेपर अमुक तारखेला आहे, त्याच्या आदल्या चार दिवसांत मला कशालाही बोलावू नका’ हे नम्रपणे पण स्पष्टपणे सांग. हे त्यांना मुलाकडून कळणे आणि तुझ्या तोंडून कळणे यांत फार फरक आहे. वेळापत्रकात बदल होत असतात, तेव्हा लग्न आणि परीक्षा यांच्यात मोकळे दिवस राहतील याची काळजी घ्या. एखादे प्रात्यक्षिक पुढे गेलेच, तर ते देण्यासाठी तू लग्नानंतर पुण्याहून नागपूरला येशील हे आजच, सगळे आनंदात असताना ठरवून टाक. घाईगर्दीत घेतलेल्या निर्णयात नव्या सुनेचे म्हणणे बहुधा मागे पडते.

अभ्यासाचे म्हणशील तर मी नवे काही सांगत नाही, फक्त आपल्या उन्हाळ्याचा विचार कर. मे महिन्यात पारा पंचेचाळिशीच्या आसपास असताना दुपारी इतवारीत सराफ्याकडे किंवा गांधीबागेत बस्त्यासाठी फिरून आलेली मुलगी रात्री पुस्तक उघडू शकत नाही, तिची इच्छा कितीही असो. पहाटे पाच ते आठ हे तीन तास तुझे आहेत असे घरात जाहीर कर. त्या वेळी हवा गार असते, घर झोपलेले असते आणि शिंप्याचे दुकान बंद असते. खरेदीसाठी दोन दिवस नेमून दे, बाकीचे आई आणि मावशी यांच्यावर सोड. शालूचा रंग तू निवडलास की पुरे, मानपानाच्या साड्या मोजायला तू बसण्याची गरज नाही. फोन पहाटे दुसऱ्या खोलीत ठेव.

पण याचा अर्थ घरातल्या आनंदापासून दूर राहा असा घेऊ नकोस. गच्चीवर आजी सरगुंडे आणि कुरड्या वाळत घालते तेव्हा अर्धा तास तिच्याजवळ बस. रुखवतासाठी मैत्रिणी काही करत असतील तर त्यांच्या गप्पांत सामील हो. साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या दिवशी तू किती आनंदात होतीस ते मी पाहिले आहे आणि तो आनंद खरा आहे. अभ्यासाचे तास नेमून ठेवलेस तर बाकीचे तास मनात अपराधीपणा न ठेवता भोगता येतील.

आता तुझ्या होणाऱ्या नवऱ्याविषयी. रोज रात्री तुम्ही तासभर बोलता असे तू सांगितलेस. चांगलेच आहे. पण त्या बोलण्यात पुढच्या आयुष्याच्या अवघड गोष्टी किती येतात, असे विचारल्यावर तू गप्प झालीस. तू एम.एस्सी. करणार आहेस हे त्याला मान्य आहे एवढ्यावर थांबू नकोस. फी कोण भरणार, हिंजवडीजवळच्या त्या फ्लॅटमधून महाविद्यालयात जायला किती वेळ लागेल, सकाळचा स्वयंपाक कोणाकडे, परीक्षेच्या महिन्यात गावाकडून पाहुणे आले तर काय, तुला नोकरी लागल्यावर आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील तर त्यात चर्चा लागेल की नाही, मूल कधी, हे सगळे आत्ता बोला. ‘पुढचे पुढे बघू’ हे उत्तर एखाद्या प्रश्नाला चालते, सगळ्या प्रश्नांना ते मिळू लागले तर मला येऊन सांग.

आपल्या नागपुरात 20 जुलै 1942 रोजी दलित महिलांची मोठी परिषद भरली होती. तिथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हजारो बायांसमोर सांगितले की लग्न करणाऱ्या प्रत्येक मुलीने नवऱ्यापुढे त्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीच्या नात्याने उभे राहावे आणि त्याची दासी होण्यास नकार द्यावा. मुलांच्या लग्नाची घाई करू नका, लग्न ही जबाबदारी आहे, असेही त्यांनी त्याच भाषणात आईबापांना बजावले. त्या सभेतल्या कितीतरी जणींना अक्षरओळखही नसेल. तू पदवीच्या दारात उभी आहेस, तेव्हा फीचा प्रश्न विचारायला संकोचू नकोस.

कागदपत्रांबद्दल मी थोडे विस्ताराने लिहिणार आहे, कारण माझ्या कितीतरी विद्यार्थिनींना लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी याच कारणासाठी माझ्या दारात उभे राहिलेले मी पाहिले आहे. लग्न झाल्यावर नाव बदललेच पाहिजे असा कोणताही कायदा नाही. तुझ्या दहावीपासूनच्या सर्व गुणपत्रिकांवर आडनाव, तुझे नाव आणि वडिलांचे नाव असे लिहिले आहे. तू नाव बदललेस तर पुढच्या प्रत्येक अर्जाबरोबर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्रातील नोंद जोडावी लागेल, न बदललेस तर ती दगदग वाचेल. बदलायचे की नाही हे तू ठरव, मात्र विचार करून ठरव. लग्नाच्या गडबडीत कोणी आधार कार्डाचा अर्ज पुढे केला म्हणून सही करू नकोस. निदान पदवी प्रमाणपत्र हाती येईपर्यंत कोणत्याही कागदावरचे नाव बदलू नकोस. अर्धे कागद एका नावाचे आणि अर्धे दुसऱ्या नावाचे झाले की निस्तरता निस्तरत नाही.

तू पुढे पुण्याच्या विद्यापीठात प्रवेश घेणार आहेस, म्हणजे महाविद्यालयाची टीसी आणि आपल्या विद्यापीठाचे मायग्रेशन प्रमाणपत्र दोन्ही लागतील. निकाल लागला की त्यांचा अर्ज कोण करणार हे आत्ताच ठरव. तुझा भाऊ करणार असेल तर त्याला तुझ्या सहीचे अधिकारपत्र आणि ओळखपत्राची प्रत देऊन ठेव. टीसीसाठी ग्रंथालय आणि प्रयोगशाळा यांचे काही देणे बाकी नसल्याची नोंद लागते, तेव्हा कपाटात राहिलेली ती दोन पुस्तके परीक्षेआधीच परत कर. जातीचे प्रमाणपत्र आणि वैधता प्रमाणपत्र वडिलांकडच्या पुराव्यांवर मिळते आणि लग्नाने जात बदलत नाही, म्हणून त्यांच्या मूळ प्रती आणि आजोबांच्या दाखल्याची प्रत तू स्वतःजवळ ठेव. वैधतेचे काम अजून झालेले नसेल तर या घरात असतानाच अर्ज कर. सगळे मूळ कागद एका फाइलमध्ये लाव आणि ती फाइल आंदणाच्या ट्रकमध्ये न टाकता हातातल्या पिशवीत घेऊन जा.

लग्न झाल्यावर 90 दिवसांच्या आत महानगरपालिकेच्या झोन कार्यालयात विवाहनोंदणीचा अर्ज द्या. पत्रिका, लग्नाचा फोटो, भटजींची सही आणि साक्षीदार हे सगळे नागपुरात जवळ असतानाच ते काम होते, पुण्याला गेल्यावर राहून जाते. तुझ्या एकटीच्या नावाचे बँक खातेही चालू ठेव. शिष्यवृत्ती त्याच खात्यात येते आणि उद्याचा पगारही तिथेच यावा.

दागिन्यांबद्दल एकच सांगते. तुला माहेरून, सासरकडून आणि नातेवाइकांकडून जे मिळेल ते स्त्रीधन आहे आणि त्यावर तुझा हक्क आहे. लग्नात मिळालेल्या भेटवस्तूंची यादी वधूवरांनी लिहून ठेवावी असा 1985 चा नियमच आहे. वस्तू, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते त्यात लिहायचे आणि दोघांनी सह्या करायच्या. हे अविश्वासाचे लक्षण नाही. हुंडा मागितलेला नाही असे तू म्हणालीस, ते ऐकून मला फार बरे वाटले. परंतु साक्षगंधानंतर ‘आमची काही मागणी नाही, फक्त लग्नाचे लॉन मोठे घ्या’ असा निरोप आल्याचे तू ओझरते बोललीस. तो निरोप तू दडपून टाकू नकोस. होणाऱ्या नवऱ्याला स्वतः विचार की हे त्याला ठाऊक आहे का. वडिलांनी कर्ज काढून चारशेचे आठशे पाहुणे करावेत असे तुला वाटत नसेल, तर ते बोलण्याचा हक्क तुला आहे आणि बोलण्याची वेळ आत्ताच आहे.

शेवटचे दोन महिने तू महाविद्यालयात जातेस तेव्हा प्रयोगशाळेतून घाईने निघून जाऊ नकोस. तीन वर्षे ज्या मुलींबरोबर एका डब्यात तर्री-पोहे खाल्लेस त्यातली एक स्पर्धा परीक्षा देणार, एक गोंदियाला परत जाणार, आणि पुन्हा अशा सगळ्या एकत्र कधी याल ते सांगता येत नाही. मुलीचे लग्न झाले की मैत्रिणी तिला फोन करायला बिचकतात, त्यांना आपण त्रास देऊ असे वाटते. ‘मी तीच आहे, केव्हाही फोन करा’ हे त्यांना तू आधीच सांगून ठेव. माझ्या त्या कार्ड टाकणाऱ्या मैत्रिणीशी मी पुढे कित्येक वर्षे बोलले नाही, आणि त्याची मला अजून खंत वाटते.

येत्या रविवारी सकाळी सहाला माझ्याकडे ये. छेद घेण्यासाठी नवे ब्लेड, ब्रश आणि काचपट्ट्या आण, पुनर्नवेचे खोड मी मिळवून ठेवते. तुझ्या छेदांत अजून जाडी राहते, एका सकाळच्या सरावाने हात बसेल. फोन घरीच ठेवून ये आणि मी तुला नऊपर्यंत सोडणार नाही असे आईला सांग. येताना परीक्षेच्या वेळापत्रकाची एक प्रत माझ्यासाठीही आण. लग्नाची तारीख माझ्या कॅलेंडरवर लिहून झाली आहे, तिच्या वरच्या ओळी अजून रिकाम्या आहेत.

तुझी,
मॅडम