कोलोनोस्कोपीनंतरची पोटदुखी: वाढतेय की ओसरतेय?

तुमच्या लिहिण्यावरून जे कळलं ते असं: वडील 62 वर्षांचे, काल सोलापुरात कोलोनोस्कोपी (गुदद्वारातून कॅमेऱ्याची नळी घालून मोठ्या आतड्याची तपासणी) झाली, एक पॉलिप (आतड्याच्या आतल्या भिंतीवर वाढलेली गाठ) काढला, संध्याकाळी मंगळवेढ्याला घरी आणलं आणि रात्रीपासून डावीकडे खाली दुखतंय. ताप नाही, वारा सरतोय. दुखणं किती आहे यापेक्षा ते वाढतंय की ओसरतंय, हे आधी बघा. ओसरत असेल तर बहुतेक वेळा पोटात अडकलेली हवा असते. तासागणिक वाढत असेल किंवा एकाच जागी ठाण मांडून बसलं असेल, तर घरी थांबू नका.

आतडं एरवी मिटलेलं असतं, आतलं दिसावं म्हणून ते फुगवावं लागतं. कार्बन डायऑक्साइड वापरला असेल तर तो रक्तात शोषला जाऊन श्वासावाटे लवकर निघून जातो. साधी हवा मात्र मुख्यतः खालूनच बाहेर पडते, त्याला वेळ लागतो. तोवर पोट तट्ट होतं, कळा येतात आणि वारा सरला की हलकं वाटतं. शिवाय डावीकडे खाली मोठं आतडं सैल आणि वळणाचं असतं. तिथे नळीचा वेटोळा होऊन आतडं ताणलं जातं, आणि तो होऊ नये म्हणून सहायक बाहेरून पोट दाबून धरतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी पोटाचे स्नायूही ठणकतात. हे सगळं साधारण 24 ते 48 तासांत निवतं. वडिलांना घरातल्या घरात 10-15 मिनिटं चालवा, मग डाव्या कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवा. कोमट पाणी घोट घोट द्या. सोडा किंवा इनो नको, त्यानं आणखी गॅस होतो. दोन दिवस मऊ भात, ताक, मुगाची खिचडी. शेंगाचटणी, कडक भाकरी आणि मटकीची उसळ नंतर. आतडं रिकामं केलेलं असल्यामुळे दोन-तीन दिवस शौचाला झाली नाही तरी चिंता नको.

आता पॉलिप. रिपोर्ट काढून तीन गोष्टी बघा: आकार किती, आतड्याच्या कुठल्या भागात होता, आणि कोल्ड स्नेअरनं (विजेशिवाय, तारेच्या फासानं) काढला की विजेचा करंट देऊन. 10 मिमीपेक्षा लहान पॉलिप बहुधा नुसत्या तारेच्या फासानं कापतात, त्यात भाजण्याचा प्रश्न नसतो. मोठ्या पॉलिपला करंट लागतो. ती उष्णता आतड्याच्या भिंतीत खोलवर गेली तर बाहेरच्या आवरणाला सूज येते. उजवीकडची भिंत पातळ, म्हणून तिथे धोका जास्त. मग काही तासांपासून पाच दिवसांपर्यंत कधीही ताप येतो आणि बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी दुखतं. भोक पडलेलं नसेल तर उपाशी ठेवून, सलाइन आणि अँटिबायोटिक देऊन हे बहुतेक बरं होतं. पण भोक नाही हे तपासूनच ठरवायचं, घरी अंदाजानं नाही.

आतड्याला भोक पडणं विरळ, पण सगळ्यात घातक. दुखणं सतत राहतं, पोट फळीसारखं कडक होतं, वारा सरणं थांबतं, उलट्या होतात, नाडी 100 च्या वर जाते. खोकलं किंवा गाडी खड्ड्यात आदळली तरी कळ उठते. भाजलेली जागा काही दिवसांनी गळून उशिरानेही भोक पडू शकतं, म्हणून पहिला दिवस बरा गेला की संपलं असं समजू नका. वय झालेल्यांना आणि स्टेरॉइड घेणाऱ्यांना ताप येईलच असं नाही.

डाव्या बरगडीखाली दुखून डावा खांदाही दुखत असेल, चक्कर येत असेल, तर प्लीहेला (डाव्या बरगड्यांखालच्या अवयवाला) इजा झालेली असू शकते. फार क्वचित होतं, पण आत रक्तस्राव होतो आणि शौचात रक्त दिसत नाही. याउलट पॉलिपच्या जागेचा रक्तस्राव सहसा न दुखता होतो आणि दोन आठवड्यांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो.

एक साधं कारण हमखास विसरलं जातं: लघवी तुंबणं. तपासणीत आतडं शांत राहावं म्हणून इंजेक्शन देतात, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला त्यानं लघवी अडते आणि ओटीपोट दुखतं. वडिलांना शेवटची लघवी कधी झाली, विचारा.

औषधाचं म्हणाल तर साधी पॅरासिटामॉल 500 मिलिग्रॅमची एक गोळी चालेल. मेडिकलमधून मेफ्टाल-स्पास किंवा कॉम्बिफ्लाम आणू नका. पॉलिप काढल्यावर त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि दुखणं दबल्यामुळे आतलं बिघडतंय हे कळत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती बंद-चालू करणं डॉक्टरांना विचारूनच. आणि कुणी कितीही सांगू दे, बेंबी सरकली म्हणून पोट चोळून घेऊ नका, एरंडेल पाजू नका. आतड्याला इजा असेल तर दोन्हींनी जिवावर बेतेल.

निघायची वेळ आली तर चहासुद्धा देऊ नका, ऑपरेशन लागलं तर पोट रिकामं हवं. जिथे तपासणी झाली तिथे फोन करा. रात्री कुणी उचललं नाही तर 108 ला फोन करून थेट सिव्हिलच्या अपघात विभागात न्या. सोबत रिपोर्ट आणि चालू गोळ्या घ्या. डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगा, 'काल कोलोनोस्कोपी झाली, पॉलिप काढलाय.' हे कळलं की उभ्यानं एक्स-रे किंवा सीटी लगेच होतो. नाहीतर ॲसिडिटी समजून इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याचा धोका असतो.