रात्री दोनला फोन कोण उचलतं ते आधी बघ

पत्र (थोडक्यात): माई, आईला (वय ७१) स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, लिव्हरमध्ये पसरलाय. डॉक्टर म्हणाले आता केमो नको, तिला आराम कसा मिळेल ते बघा. मी पुण्यात, नोकरी करते, बाबा ७८चे, दादा न्यू जर्सीला. तीन पर्याय आहेत. एक ट्रस्टचं सेंटर, मोफत, पण शहराच्या टोकाला. दुसरं प्रायव्हेट, एसी रूम, महिन्याचं पॅकेज आणि वर डिपॉझिट. तिसरं म्हणजे घरीच ठेवायचं आणि एजन्सीची नर्स लावायची. दादा म्हणतो रेटिंग बघून ठरव आणि फुकटातलं तर नकोच. आत्या म्हणते जन्मदात्या आईला कुठेतरी नेऊन टाकणार का. आईला आम्ही नीट काही सांगितलेलं नाहीये. रात्री दोन-अडीचला तिला इतकं दुखतं की मी ट्रामाडॉल देते आणि उजाडायची वाट बघते. यातलं चांगलं कुठलं, हे ओळखायचं कसं?
– धाकटी, कोथरूड

धाकटे,

सेंटरचं नंतर बघू. आधी उद्या सकाळी आईच्या डॉक्टरांना फोन लाव आणि आडपडदा न ठेवता सांग की ट्रामाडॉल पुरत नाहीये, रात्र निघत नाहीये, मॉर्फिन सुरू करता येईल का आणि नसेल तर का नाही. आणि हेही विचार की सिलिअॅक प्लेक्सस ब्लॉक म्हणतात तो तिला करता येईल का. स्वादुपिंडाच्या दुखण्यात पोटामागे नसांचं जाळं असतं तिथे इंजेक्शन देतात, सगळ्यांना जमत नाही, पण विचारायला काय जातंय. ते म्हणाले हे आमचं काम नाही, तर पॅलिएटिव्हच्या, म्हणजे दुखणं आणि त्रास कमी करणाऱ्या डॉक्टरांकडे चिठ्ठी माग. पॅलिएटिव्ह ओपीडीत दाखवायला कुठे अॅडमिट व्हावं लागत नाही, आपल्याकडे लोकांना वाटतं की तिथे गेलो म्हणजे संपलंच सगळं, म्हणून शेवटच्या आठवड्यात धावत जातात आणि तोवर पेशंट विनाकारण सोसतो.

आता तुझा प्रश्न. दादाचं बोलणं अगदीच चुकीचं नाहीये, तो जिथे राहतो तिथे खरंच तशी सोय आहे. अमेरिकेत मेडिकेअरच्या (म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य विम्याच्या) वेबसाईटवर २०१७ पासून हॉस्पिसची, म्हणजे शेवटच्या दिवसांत पेशंटची काळजी घेणाऱ्या संस्थांची, एकमेकांशी तुलना करता येते, आणि पेशंट गेल्यानंतर घरच्यांना एक सर्वे पाठवतात त्याचे निकालही तिथे बघायला मिळतात. आपल्याकडे असलं काही नाही. आपल्याकडे आहेत ते गुगलचे स्टार, आणि ते कोण देतं तर दिवसा भेटायला आलेला भाचा, स्टाफ प्रेमळ आहे आणि परिसर स्वच्छ आहे म्हणून. पण त्या अमेरिकन सर्वेत एक प्रश्न मला फार आवडतो. संध्याकाळी, शनिवार-रविवारी, सुट्टीच्या दिवशी मदत लागली तेव्हा ती मिळाली का, असं विचारतात. हाच प्रश्न तू तिन्ही ठिकाणी विचारायचास, फक्त आपल्या भाषेत: रात्री दोन वाजता माझ्या आईला दुखायला लागलं तर येणार कोण, किती वेळात, आणि हातात काय घेऊन?

उत्तर नीट ऐक हं. "डॉक्टर ऑन कॉल असतात" हे उत्तर नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंना एका ठिकाणी ठेवलं होतं, नाव घेत नाही, तिथे ऑन कॉलचा अर्थ एवढाच निघाला की वॉर्डातली मावशी फोन लावणार आणि पलीकडून झोपाळलेला आवाज सांगणार, पॅरासिटामॉल द्या, सकाळी बघतो. चांगल्या ठिकाणची नर्स तुला सांगेल की पेशंटच्या फाईलवर जादा डोस डॉक्टरांनी आधीच लिहून ठेवलेला असतो, मधेच दुखलं तर मी तो लगेच देते आणि थोड्या वेळानं येऊन कमी झालं का ते बघते. एवढं एक वाक्य जिथे नर्स न अडखळता बोलली तिथे माझं निम्मं मत झालं.

मॉर्फिनची चौकशी वेगळी कर, लाजू नकोस. पूर्वी ते ठेवायला इतके परवाने लागायचे की हॉस्पिटलं नादाला लागत नव्हती, २०१४ साली अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा बदलला आणि आता आरएमआय (रेकग्नाइज्ड मेडिकल इन्स्टिट्यूशन) म्हणून मान्यता घेतली की ते ठेवता येतं. तर सरळ विचार, तुमच्याकडे आरएमआय मान्यता आहे का, गोळ्या स्टॉकमध्ये आहेत का, घरी नेणाऱ्या पेशंटला किती दिवसांच्या देता. समोरचा गोंधळला किंवा "नको हो, त्याची सवय लागते" असं म्हणाला तर पर्स उचल आणि निघ. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दुखण्यासाठी घेतलेल्या मॉर्फिनचं व्यसन लागेल म्हणून शेवटच्या दिवसांत ते नाकारणं यात काय शहाणपण आहे ते मला आजवर कळलेलं नाही. साधी गोळी दर चार तासांनी घड्याळ बघून द्यायची असते, दुखायची वाट बघत थांबायचं नसतं, आणि तिच्या जोडीला पोट साफ व्हायचं औषध पहिल्या दिवसापासून लागतं कारण बद्धकोष्ठ जवळपास सगळ्यांनाच होतो. सुरुवातीला मळमळ, गुंगी येते, ती बहुतेकांची थोड्या दिवसांत ओसरते. हे त्यांनी आपणहून सांगितलं का बघ. आणि मग विचार की तिला गिळता येईनासं झालं की काय करता. कातडीखालचं इंजेक्शन, पंप, पॅच असं काहीतरी ठोस ऐकू यायला हवं, "तेव्हाचं तेव्हा बघू" नको.

फुकटाबद्दल दादाला एकच सांग. आपल्याकडे हे काम सुरूच मुळी मोफत झालंय. वांद्र्याचं शांती आवेदना सदन १९८६ सालचं, देशातलं पहिलं हॉस्पिस, तिथे पैसे घेत नाहीत, गोव्यात लोटलीलाही त्यांचं आहे. आपल्या पुण्यात वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून आहे, कॅन्सरच्या पेशंटसाठी, तेही मोफत, आणि तिथे घरच्या माणसालाही सोबत राहता येतं. म्हणजे बिल नाही याचा अर्थ दर्जा नाही असं इथे धरता येत नाही. पण उलटंही धरू नकोस बरं का, ट्रस्ट आहे, फोटोला हार आहे, म्हणजे सगळं उत्तमच असेल असं काही नाही. तेच प्रश्न तिथेही विचारायचे. आणि जागा लगेच मिळते की थांबावं लागतं, फक्त कॅन्सर घेतात का, घरचं माणूस राहायलाच हवं असा नियम आहे का (तुझ्या नोकरीच्या दृष्टीनं हे मोठं आहे), हेही.

प्रायव्हेटवाल्या ठिकाणाबद्दल तू दोन पानं लिहिलीयस आणि त्यात एसी आहे, टीव्ही आहे, बागेचा व्ह्यू आहे, रिसेप्शनवरची मुलगी गोड बोलते. अगं, मंगल कार्यालय बुक करतोय का आपण? नर्स किती आणि अटेंडंट किती ते एका ओळीत पण नाही. रात्रपाळीला शिकलेली नर्स आहे की ब्युरोच्या मावशी, हे पॅकेजमध्ये कुठे लिहिलंय? डायपर, ऑक्सिजन, औषधं, डॉक्टरांची व्हिजिट वेगळी लावणार का? आणि डिपॉझिट, समजा चौथ्या दिवशी आई गेली तर परत किती आणि कधी? विचारायला जड जातं मला कळतं, पण ज्यांचा धंदाच हा आहे त्यांना या प्रश्नाचं उत्तर लेखी देता यायलाच पाहिजे.

दोन्हीकडे परत जा, पण संध्याकाळचं जेवण झाल्यावर, आठ-नऊच्या सुमारास, परवानगी घेऊन. दिवसा सगळीकडे फिनाईलचा वास आणि हसरे चेहरे असतात. रात्री बघ बेल वाजली की किती वेळानं पाऊल वाजतं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचं तोंड बघ, ओठांना भेगा आहेत की ओल्या बोळ्यानं पुसून काहीतरी लावलंय. तोंड पुसणं हे कुणी बिलात लावत नाही आणि कुणी तपासायला येत नाही, म्हणून मी नेहमी तेच बघते. दुसऱ्याचा चार्ट मागू नकोस, ते बरं दिसत नाही, पण कोरा फॉर्म दाखवा म्हण. त्यावर वेदना दहापैकी किती असा रकाना आहे का, कूस बदलल्याची वेळ लिहायला जागा आहे का? बेडसोर होऊ नये म्हणून साधारण दर दोन तासांनी कूस बदलतात, एअर बेड असला तरी. फॉर्मच नसेल तर समजून जा.

घरी ठेवायचं तर ते वाईट अजिबात नाही, खरं सांगू तर नीट टीम मिळाली तर मी घराच्याच बाजूनं आहे. केरळात तर हे काम मुख्यतः घरोघरी जाणाऱ्या नर्सच्या जोरावर चालतं. पण तू ज्या एजन्सीचं लिहिलंयस ती मला ब्युरोच वाटते, बारा तासांची ड्युटी, स्वच्छता करणार, भरवणार, बीपी बघणार आणि दुखलं की तुलाच उठवणार. मग तुझी रात्र आज आहे तशीच राहिली ना, फक्त घरात एक माणूस वाढलं. घरी ठेवायचं तर मागे पॅलिएटिव्हचा डॉक्टर हवा जो घरी येतो आणि रात्री फोन घेतो. पलियम इंडिया ही तिरुवनंतपुरमची संस्था, डॉ. एम. आर. राजगोपाल यांनी २००३ साली सुरू केलेली, त्यांच्या साईटवर राज्यवार यादी आहे, त्यात पुण्याचं बघ. अजून एक गोष्ट जी कुणी सांगत नाही: घरी माणूस गेलं की मृत्यूच्या कारणाचा दाखला, फॉर्म ४-अ, डॉक्टरच देतो, त्याशिवाय स्मशानात अडकायला होतं. पहाटे चारला आई गेली तर फॉर्म कोण देणार हे टीमला आज विचारून ठेव. ओळखीचा डॉक्टर बघू म्हणून बसलीस तर बाबांना घेऊन अंधारात दवाखाने पालथे घालशील.

आत्याशी वाद घालत बसू नकोस. तिला एका रात्रीसाठी राहायला बोलाव, आईच्या खोलीत गादी घाल. टोमणा म्हणून म्हणत नाहीये हो, ती आईची नणंद आहे, तिलाही काहीतरी करावंसं वाटत असणार आणि तुला एक रात्र झोप मिळेल.

आणि आई. एवढं लांबलचक पत्र, त्यात सगळ्यांची मतं, दादाचं, आत्याचं, बाबांचं, शेजारच्या काकूंचंसुद्धा, आणि जिला जायचंय तिचंच मत नाही. तिला कळत नसेल असं वाटतं तुला? केमो बंद झालं, सगळे येऊन भेटून जातायत, तिला सगळं दिसतंय. पत्ते उघडे कर असं म्हणत नाही, फक्त विचार, आई तुला काय वाटतं, पुढे काय करूया, कशाची भीती वाटते, आणि मग गप्प बस, ती बोलेल. जमत नसेल तर हेही सेंटर पारखायचं माप समज, कारण चांगल्या ठिकाणचा डॉक्टर पहिल्याच भेटीत खुर्ची आईच्या पलंगाजवळ ओढून आधी तिच्याशी बोलतो, तुझ्याशी नंतर. जो तिच्या डोक्यावरून तुझ्याशीच बोलला त्याच्याकडे नको. ती म्हणाली मला नळ्या नकोत, व्हेंटिलेटर नको, तर ते लिहून घेता येतं. सुप्रीम कोर्टानं २०१८ साली मान्य केलं आणि २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. जेवणाचंही आत्ताच बोलून ठेवा. शेवटी शेवटी शरीर अन्न मागत नाही आणि सलाईन चढवत राहिलं तर कधीकधी सूज आणि धापच वाढते, पण घरात कुणीतरी "उपाशी मारताय का तिला" म्हणणारच, तेव्हा बाबा डगमगायला नकोत.

एवढं ऐकून माझं मत विचारशील तर: ट्रस्टच्या ठिकाणी रात्रीची उत्तरं नीट मिळाली तर आधी तिथे थोडे दिवस, दुखणं आटोक्यात येईपर्यंत, आणि मग आईला हवं असेल तर त्यांच्याच सल्ल्यानं घरी. हे एकदाच ठरवून दार लावून घ्यायचं प्रकरण नाहीये, येजा करता येते. त्यांची होम केअर टीम आहे का आणि ती कोथरूडपर्यंत येते का, हे विचारून घे.

राहिला दादा. त्याला रेटिंग शोधायचं थांबव आणि खरं काम दे. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजतात तेव्हा त्याच्याकडे दुपारचे साडेतीन-साडेचार असतात, ऑफिसातून सहज फोन करता येईल. तिन्ही ठिकाणांचे इमर्जन्सी नंबर त्याला पाठव. तिथल्या माणसांना ताटकळत न ठेवता दोन मिनिटं बोलायचं, आईला अॅडमिट करायचा विचार आहे, आत्ता या वेळी दुखलं तर तुम्ही काय करता, एवढंच. कोण उचलतं, कितव्या रिंगला, काय सांगतं, ते त्यानं लिहून तुला पाठवायचं. आणि तिकीट त्यानं आत्ताचं काढावं, आई बोलतीये तोवरचं. सुट्टी उरवून नंतरच्या दिवसांसाठी ठेवतो म्हणाला तर मला त्याचा नंबर दे.

– माई