समुद्र नंतर, आधी गणित

प्रश्न: मी पिंपळगाव बसवंतचा द्राक्ष बागायतदार. मुलगी अकरावी सायन्सला आहे. टूना माशाच्या पोटात यंत्र बसवून त्याचा प्रवास आणि अंगातली उष्णता मोजतात, तेच शिकायचं म्हणते. त्यासाठी गणित सोडून नुसतं बायोलॉजी ठेवणार आहे. नाशिकला समुद्र कुठे? काय करावं?

उत्तर: भाऊ, समुद्राचं नंतर बघू. आधी तिला गणित सोडू देऊ नका.

तुमची द्राक्षं युरोपला निघतात तेव्हा कंटेनरमध्ये पेट्यांसोबत तापमानाचा रेकॉर्डर असतो. वाटेत गारवा कुठे मोडला, ते तो सांगतो. माशाच्या पोटातलं यंत्र त्याचंच भावंड. खोली, उजेड, बाहेरच्या पाण्याचं आणि अंगातलं तापमान ते टिपत राहतं. पण पाण्याखाली जीपीएस चालत नाही, मग मासा होता कुठे? ते उजेडावरून काढतात. दिवस किती मोठा यावरून अक्षांश, भर दुपार किती वाजता झाली यावरून रेखांश. मार्च आणि सप्टेंबरात दिवस सगळीकडे जवळपास सारखाच असतो, तेव्हा अक्षांश फसतो आणि संख्याशास्त्राचा आधार घ्यावा लागतो. गणिताशिवाय हे कसं जमणार?

आणि तिला याचं वेड लागावं असंच ते आहे. निफाडचा पारा उतरला की तुम्ही बागेत शेकोट्या पेटवता. ब्लूफिन टूना आपली शेकोटी अंगातच घेऊन फिरतो. स्नायूंकडून परतणारं गरम रक्त कल्ल्यांकडून येणाऱ्या गार रक्ताला खेटून वाहतं आणि ऊब त्याला देऊन टाकतं. त्यामुळे स्नायू कधी कधी पाण्यापेक्षा २० अंशांनी गरम असतात.

वाट अशी: बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित हे चारही विषय, एमएचटी-सीईटी ही प्रवेश परीक्षा, मग रत्नागिरीजवळ शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात ४ वर्षांचं बीएफएससी, म्हणजे मत्स्यविज्ञानाची पदवी. पुढे एमएफएससीला, म्हणजे त्यातल्याच पदव्युत्तर पदवीला, मुंबईत वर्सोव्याची सीआयएफई ही केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था. नाशिकमध्येच फिजिक्स किंवा स्टॅटिस्टिक्समध्ये बीएससी करून नंतर समुद्रविज्ञानाकडे वळता येतं. समुद्री मासळीवर संशोधन करणारी कोचीची सीएमएफआरआय आणि उपग्रहाच्या माहितीवरून मच्छीमारांना मासळीच्या जागा कळवणारी हैदराबादची इन्कॉइस, ही दोन नावं तिला लिहून ठेवायला सांगा.

नेमक्या याच कामाच्या जागा देशात थोड्या आहेत. पीएचडीपर्यंत ९-१० वर्षं जातील. तेवढा धीर घरात आहे का, हे तिच्या आईसोबत बसून बोला.

या हंगामात निर्यातदाराकडून एका रेकॉर्डरची फाइल मागून तिच्या हातात द्या. तापमान कुठे चढलं, किती वेळ चढलं, का चढलं, ते शोधू दे. त्यात ती रात्री जेवण विसरली, तर मला पुन्हा लिहा.