नापास नाही, तरी पाच वर्षं का?

प्रश्न : ताई, मुलगा अमेरिकेत एका स्टेट युनिव्हर्सिटीत इंजिनिअरिंग करतोय, दुसरं वर्ष संपत आलंय. परवा फोनवर म्हणाला, आई पाच वर्षं लागतील. एकाही विषयात नापास नाही, दर सेमिस्टरला फुलटाइमच आहे, मग वर्ष वाढलं कसं? आणि अमेरिकेतल्या कॉलेजांचा ग्रॅज्युएशन रेट ६४ टक्के असं वाचलं, म्हणजे बाकीची सगळी मुलं नापास होतात का?

उत्तर : आधी तो ६४ चा आकडा. २०१४ साली चार वर्षांच्या कॉलेजांत पहिल्यांदाच आणि फुलटाइम दाखल झालेल्या मुलांपैकी साधारण ६४ टक्के मुलांनी सहा वर्षांत त्याच कॉलेजातून डिग्री घेतली, एवढाच त्याचा अर्थ. १९९० च्या एका कायद्यामुळे कॉलेजांना हा रेट जाहीर करावा लागतो आणि तो ठरलेल्या मुदतीच्या दीडपट काळाचा धरतात, म्हणून चारचे सहा. मधेच दुसऱ्या कॉलेजात जाऊन तिथे पास झालेला मुलगासुद्धा पहिल्या कॉलेजच्या हिशोबात "डिग्री न घेतलेला"च राहतो, तेव्हा बाकीचे सगळे नापास असं अजिबात नाही. तुम्ही कॉलेजकडे चार वर्षांचा रेट वेगळा मागा, खरं चित्र त्यात दिसतं.

आता तुमच्या मुलाचं. गोम त्या "फुलटाइम" शब्दात आहे. सेमिस्टरला १२ क्रेडिट (क्रेडिट म्हणजे विषयाचं वजन, एका विषयाला साधारण तीन) घेतले की कॉलेज फुलटाइम म्हणतं, स्टुडंट व्हिसालाही तेवढे चालतात, पण डिग्रीला लागतात साधारण १२० आणि इंजिनिअरिंगला बऱ्याचदा त्याहून जास्त. बारा गुणिले आठ सेमिस्टर म्हणजे ९६, उरले २४, म्हणजे त्याच वेगाने अजून दोन सेमिस्टर, झालं की पाचवं वर्ष! सगळे नियम पाळून, सगळ्या विषयांत पास होऊन मुलं मागे पडतात आणि हे त्यांना पहिल्याच दिवशी कुणी नीट बसवून सांगत नाही याचा मला फार राग येतो. चार वर्षांत संपवायचं तर सेमिस्टरला सरासरी १५ लागतात, आणि बऱ्याच कॉलेजांत १२ ते १८ क्रेडिटला फी एकच असते, तिथे तर जास्तीचा विषय जवळजवळ फुकटच पडतो.

दुसरं कारण विषयांची साखळी. कॅल्क्युलस एक झाल्याशिवाय दोन नाही, दोनशिवाय पुढचं काही नाही, आणि वरच्या वर्गाचे काही विषय वर्षातून एकदाच लागतात, त्यामुळे पहिल्या सेमिस्टरला गणित एक पायरी खालून सुरू केलं असेल तर तो उशीर थेट तिसऱ्या वर्षात वर येतो.

मुलाला सांगा, डिग्री ऑडिट (काय झालं, काय उरलं याची कॉलेजची यादी) काढून ॲडव्हायजरसमोर बस आणि उरलेला प्रत्येक विषय कुठल्या सेमिस्टरला घेणार ते लिहून आण. समरमध्ये दोन विषय बसले तर आत्तापर्यंतचा निम्मा खड्डा तिथेच भरतो. तरी पाचवं वर्ष लागलंच तर आय-२० वरची (स्टुडंट व्हिसासाठी कॉलेज देतं तो कागद) शेवटची तारीख आत्ताच बघून ठेवा, मुदतवाढ ती तारीख उलटायच्या आत घ्यावी लागते आणि त्याला अभ्यासाचं किंवा आजारपणाचं सबळ कारण लागतं. आणि प्लीज त्याला रागावू नका हो, तो आळशीपणा करत नाहीये.

प्रश्न : मुलगी अमेरिकेत दोन वर्षं कम्युनिटी कॉलेज (दोन वर्षांचं, कमी फीचं कॉलेज) करून मग तिकडेच युनिव्हर्सिटीत जाणार आहे. पैसे वाचतात ना?

उत्तर : वाचतात, पण क्रेडिट टिकले तर. अमेरिकन सरकारच्या लेखापरीक्षण खात्याचा २०१७ चा अहवाल आहे, त्यात २००४ ते २००९ दरम्यान कॉलेज बदललेल्या मुलांचे सरासरी ४३ टक्के क्रेडिट वाया गेल्याचा अंदाज दिलाय. आणि युनिव्हर्सिटी "घेतले" म्हणाली तरी ते मेजरमध्ये, म्हणजे मुख्य विषयात, धरले की नुसते इलेक्टिव्ह, म्हणजे ऐच्छिक, म्हणून हे विचारा, कारण इलेक्टिव्हमध्ये गेले तर तोच विषय परत करावा लागू शकतो. कुठल्या युनिव्हर्सिटीत जायचं ते आधी ठरवा, दोन्हीकडचा ट्रान्सफर करार बघा आणि मगच पहिल्या सेमिस्टरचे विषय निवडा.