एचसीटी-८ पेशींवर क्रिप्टोस्पोरिडियम (जुलाब घडवणारा आतड्यातला परजीवी) वाढवून नवे ऊसिस्ट (संसर्ग पसरवणारी त्याची कवचबंद अवस्था) मिळतात का?

नाही, नेहमीच्या एचसीटी-८ थरावर संसर्ग होतो, पण नवे ऊसिस्ट तयार होत नाहीत. दोन-तीन दिवसांत वाढ थांबते. एचसीटी-८ ही मानवी आतड्याच्या कर्करोगातून आलेली, प्रयोगशाळेत वाढवली जाणारी पेशीमालिका आहे. तिच्यावर परजीवीची अलैंगिक वाढ छान होते, पुढे नर आणि मादी अवस्थाही दिसतात, मात्र फलन होत नाही आणि चक्र तिथेच तुटतं. २०१९ च्या सुमारास प्रकाशित झालेल्या कामातून हे स्पष्ट झालं.

तुम्हाला ऊसिस्टच हवे असतील तर मूळपेशींपासून वाढवलेले ऑर्गनॉइड (आतड्याच्या छोट्या त्रिमितीय प्रतिकृती) किंवा हवा-द्रव सीमेवरचं कल्चर वापरा. दुसऱ्या पद्धतीत उंदराच्या आतड्यातल्या मूळपेशी सच्छिद्र पडद्यावर, खाली आधारपेशींचा थर देऊन वाढवतात आणि नंतर वरचं पोषक द्रव माध्यम काढून टाकतात. खालून पोषण, वरून हवा. त्यामुळे पेशी उंच होतात, काही श्लेष्मा स्रवणाऱ्या बनतात, म्हणजे खऱ्या आतड्यासारखा थर मिळतो. त्यावर परजीवीचं पूर्ण चक्र होऊन संसर्गक्षम ऊसिस्ट मिळाले आहेत. माझ्या मते दीर्घ अभ्यासासाठी आज हाच सर्वांत भरवशाचा मार्ग आहे.

पण एचसीटी-८ लगेच टाकून देऊ नका. औषधांची प्राथमिक चाचणी ४८ तासांत उरकायची असेल तर त्या स्वस्त आणि पुरेशा आहेत; ऑर्गनॉइडसाठी लागणारे वाढघटक (पेशींना वाढायला लावणारी प्रथिनं) महाग पडतात. शिवाय या साध्या मॉडेलांपैकी कशातही रोगप्रतिकारक पेशी किंवा आतड्यातले जिवाणू नसतात, त्यामुळे प्रतिकारशक्तीचे निष्कर्ष त्यांवरून काढू नका.